अनारशाला कांद्याचा वास

धुळे
१८ मे १९९९

सौ. झुंबरबाई विहीणबाईंना द्रौपदाबाईचा नमस्कार.

पत्राचं कारण तुम्हाला ठाऊक आहे, आणि ठाऊक नसेल तर तुमच्या घरातलं कॅलेंडर खाली पडलं असावं. परवापासून अधिक महिना लागला. निंबाच्या लग्नानंतरचा हा पहिलाच धोंड्याचा महिना. आमच्या गल्लीतल्या बेबाबाईच्या मुलाला सासरचं बोलावणं महिना लागायच्या आधी आलं. मी काही म्हणत नाही. बेबाबाईच म्हणतात, "तुमच्या निंबाचं काय?" मी सांगते, असोद्याची माणसं मोठी, मोठ्या घरचं बोलावणं हळूच येतं.

आम्हाला हावरटपणा नाही. कपडे आणा, चांदी आणा असं या द्रौपदीच्या तोंडून कधी निघालं नाही, निघणार नाही. तेहतीस अनारसे, तांब्याच्या भांड्यात, वर दिवा, एवढं शास्त्र आहे तेवढं झालं की पुरे. भांडं जरा मोठं असलं तर अनारसे मोडत नाहीत, एवढंच आपलं सुचवते.

तुमच्या शेजारच्या दुकानात तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा दुकानदार म्हणाला, "बोलावतो," आणि तिन्ही वेळा ठेवून दिला. तारीख कळवा. निंबाला रजा टाकावी लागते.

कुंदा मजेत आहे. तुमच्या लेकीला आमटीत गूळ किती घालायचा ते आता आलं.

द्रौपदाबाई


असोदा
२४ मे १९९९

सौ. द्रौपदाबाई विहीणबाईंच्या सेवेशी, असोद्याहून झुंबरबाईचा दंडवत.

पत्र मिळालं. वाचून ह्यांना म्हटलं, बघा, विहीणबाईंचा जीव किती मोठा, काहीच मागत नाहीत. हे म्हणाले, "हो, दोन पानं भरून काहीच मागितलं नाही." ह्यांचं बोलणं मनावर घेऊ नका.

रविवार ६ जूनला जावईबापू आणि कुंदा दोघांनी यावं. अनारशाचे तांदूळ मी आधीच भिजत घालते. भांडं माझ्या आईनं मला दिलेलं आहे, एवढं मोठं की त्यात निंबाभाऊ स्वतः बसतील. फोनचं म्हणाल तर तो दुकानदार जो कुणी येईल त्याला "बोलावतो" म्हणतो, सरपंचालाही.

इथं ऊन असं आहे की कोंबड्या पाटाच्या पाण्यात उभ्या राहतात. रेडिओवर काश्मीरकडचं काहीतरी चालू आहे, डोंगरावर शत्रू चढून बसलेत म्हणतात. गावातली दोन पोरं फौजेत आहेत, म्हणून पारावर दिवसभर तेवढीच चर्चा.

कुंदाला आमटीत गूळ घालायला शिकवलंत, उपकार झाले. आमच्याकडे आमटीला चव असायची, गुळाची गरज पडली नाही.

आपली,
झुंबरबाई


धुळे
९ जून १९९९

सौ. झुंबरबाईंना द्रौपदाबाईचा नमस्कार. नमस्कार घातलाय तो रीत म्हणून.

धोंडा झाला. निंबा आणि कुंदा सोमवारी सुखरूप पोहोचले. आता पुढचं ऐका.

तांब्याचं भांडं मी देवापुढे ठेवलं. बेबाबाईला, तिच्या जावेला आणि कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाईंना मुद्दाम बोलावलं, की बघा, आमच्या निंबाला काय आलं. झाकण काढलं. अनारसे दिसायला जाळीदार, खसखस भरपूर, रंग सोन्यासारखा. मी म्हटलं, घ्या. बेबाबाईनं एक उचलला, तोंडाजवळ नेला आणि थांबली. मग मोठ्यानं म्हणाली, "द्रौपदाबाई, हाई अनारसं शे का कांदानं भजं?"

विहीणबाई, अनारशाला कांद्याचा वास! अधिक महिन्यात! ज्या महिन्यात आम्ही कांद्याकडे बघतसुद्धा नाही, त्या महिन्यात देवापुढच्या अनारशाला! मास्तरीणबाईंनी तर हात पदराला पुसला. मी सासरी आले त्या दिवसापासून या गल्लीत माझी मान खाली गेली नव्हती, ती त्या दिवशी गेली.

बरं, एवढ्यावर नाही. निंबा सांगतो, तो सकाळी दहाला पोहोचला तर घरात तुम्ही नाहीत. रुपचंदभाऊ म्हणाले, "नवस फेडायला पद्मालयाला गेली." जावई धोंड्याला यायचा आणि सासू गणपतीला? पुरण कुणी शिजवलं, तर कुंदानं. माझ्या सुनेनं माहेरी जाऊन आपल्याच नवऱ्याचा धोंडा आपणच घातला, असं मी पन्नास वर्षांत कुठे ऐकलं नाही. तुम्ही संध्याकाळी सहाला आलात, तेही डोक्याला फडकं बांधून, हातात ॲल्युमिनियमचा डबा. गणपतीला डबा लागतो का?

कुंदाला विचारलं. ती चुलीकडे बघत बसली. आमच्याकडे गॅस आहे, तरी चुलीकडे बघितल्यासारखी.

पत्रानं खुलासा करावा.

द्रौपदाबाई


असोदा
१४ जून १९९९

सौ. द्रौपदाबाई विहीणबाईंना झुंबरबाईचा वाकून नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मला जेवण गेलं नाही. झालं ते असं. यंदा कांदा बेसुमार आला, कांदाचाळ भरली, उरलेला ह्यांनी आणून मधल्या खोलीत ओतला. मी ओरडले, इथं अनारशाचं पीठ आहे! हे म्हणाले, पीठ काय कांद्याला चावणार आहे? आता तुम्हीच सांगा, पुरुषमाणसाला काय म्हणायचं? पीठ तीन दिवस कांद्याच्या शेजारी राहिलं. संगतीचा परिणाम, दुसरं काही नाही.

पद्मालयाचं खरं आहे. कुंदाच्या लग्नाआधीचा नवस होता, राहून राहून त्या दिवशी फेडला. डब्यात प्रसाद होता. फडकं उन्हासाठी.

बेबाबाईंना सांगा, पुढच्या धोंड्याला तेहतीसच्या जागी सहासष्ट करीन आणि पीठ वेगळ्या गावी ठेवीन.

कुंदावर राग काढू नका. ती लहानपणापासून अशीच आहे, विचारलं की भिंतीकडे बघते.

आपली,
झुंबरबाई

ता. क. माझ्या हाताला लिंबू, चिंच, राख, डाळीचं पीठ सगळं लावून झालं. कागदाला वास येत असेल तर माफी असावी.


धुळे
१९ जून १९९९

सौ. झुंबरबाईंना,

कागदाला वास आला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. कांदा शेजारी ठेवला तर पिठाला वास लागेल, मान्य. पण हाताला कसा लागेल? आणि लागला तर राख, चिंच, लिंबू लावूनही जाऊ नये इतका? मी तीस वर्षं चूल सांभाळते, माझा हात रोज कांद्यात असतो, संध्याकाळपर्यंत वास जातो. तुमचा जात नाही, म्हणजे तुम्ही एक-दोन कांदे नाही, गाडीभर कांदा कापता. कशासाठी? लग्न आहे का? हॉटेल काढलंय?

आणि मी कॅलेंडर बघितलं. निंबा गेला तो रविवार, मंगळवार नाही की चतुर्थी नाही. नवस फेडायला एवढी बाई एकटीच जाते, नवरा घरी, लेक-जावई दारात? रुपचंदभाऊ खोटं बोलताना कानाची पाळी ओढतात, हे निंबानंसुद्धा ओळखलं. लग्नाच्या बैठकीत "काय हवं ते मागा" म्हणाले तेव्हाही ओढत होते, मला तेव्हाच संशय आला होता.

झाकली मूठ सव्वा लाखाची असते, पण तुमची मूठ उघडून माझ्या देवापुढे ठेवली गेलीय. मी येते आहे. तारीख सांगत नाही.

द्रौपदाबाई


असोदा
१ जुलै १९९९

द्रौपदाबाई,

विहीणबाई लिहायचा धीर होत नाही म्हणून नावानंच लिहिते.

तुम्ही परवा आलात. आधी घरी गेलात. हे ओट्यावर होते, घाबरून परत "पद्मालय" म्हणाले, आणि तुम्ही म्हणालात, "महिन्यात दोनदा? गणपती कंटाळला असेल." मग शेजारणीनं सगळं सांगितलं आणि तुम्ही पुढच्या गाडीनं जळगावला एमआयडीसीत आलात. जेवणाची सुट्टी संपत होती. मी हात धूत होते. वर बघितलं तर गेटवर तुम्ही, नऊवारी, हातात पिशवी. आपण एकमेकींकडे बघितलं. तेवढ्यात भोंगा झाला, सगळ्या आत पळाल्या, मीही पळाले, भीतीनं. थोड्या वेळानं गेटवर आले तर तुम्ही नव्हता. वॉचमन म्हणाला, त्या बाई पाणीसुद्धा न घेता गेल्या.

म्हणजे आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. खरं लिहिते.

३१ मेपासून मी कांद्याच्या कारखान्यात जाते. कांदा वाळवून त्याच्या चकत्या करतात, डब्यात भरतात. लढाई लागली आणि फौजेची मोठी ऑर्डर आली, रविवारचीही सुट्टी नाही. वर बर्फात भाजी कुठून मिळणार, तिथं वाळलेला कांदा भिजवून खातात. हंगाम संपत आला होता, पण मालकानं जीप फिरवून गावोगाव बायका मागितल्या. आमच्या असोद्यातून अकरा जणी निघाल्या. मी बारावी. ह्यांना म्हटलं, फौजेसाठी आहे. फौजेचं नाव काढल्यावर ह्यांना नाही म्हणता आलं नाही, सगळा पार ऐकत होता.

काम असं, समोर कांद्याची पाटी, हातात सुरी. शेंडा उडवायचा, बूड उडवायचं, साल काढायची, पुढे सरकत्या पट्ट्यावर टाकायचा. पहिल्या दिवशी मी इतकी रडले की मुकादम म्हणाला, बाई, सुतक आहे का? आता एका दमात अख्खी पाटी संपवते. चाळीस बायकांत माझा हात तिसरा.

माझ्या शेजारी अमळनेरकडची सुगंधाबाई बसते. तिचा मुलगा तिथं वर आहे, लढाईत. तीन आठवडे त्याचं पत्र नव्हतं. ती दिवसभर रडायची आणि कांद्याचा गुण असा की कुणी विचारत नाही का रडतेस. एकदा मलाच म्हणाली, "मना पोऱ्या तठे बरफमा, अन मी आठे कांदा कापस. त्याना ताटमा जाई का वं हाऊ?" मी म्हटलं, जाईल, नक्की जाईल, तू चांगला बघून काप. त्या दिवसापासून ती एकही डागी कांदा पट्ट्यावर जाऊ देत नाही. गेल्या सोमवारी पत्र आलं त्याचं. आम्ही चाळीसजणी रडलो, आणि त्या वेळी समोर कांदा नव्हता.

तुमच्या घरून मागणी आली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, आमच्यात कारखान्यात जाणाऱ्या बायका नाहीत. म्हणून लपवलं. अनारसे मी रात्रभर जागून केले, हात सात वेळा धुतले. वास मलाच येईनासा झाला होता, तिथंच चूक झाली. देवाची माफी मागितली आहे, तुमचीही मागते.

पण एक मनातलं लिहिते. मला जायला आवडतं. फौज, देश सगळं खरं, तरी त्याहून खरं हे की मला आवडतं. बावीस वर्षं मी कुंदाची आई, रुपचंदची बायको, पाटलांची सून. तिथं मुकादम हजेरीत "झुंबरबाई" म्हणतो आणि मी "हजर" म्हणते. घरच्या कामाला भोंगा नसतो हो. इथं पाचला भोंगा होतो आणि काम संपतं. संपलेलं काम मी जन्मात पहिल्यांदा बघितलं.

तुम्ही सोड म्हणालात तर सोडेन. मुलीच्या आईला दुसरं काय करता येतं? फक्त कुंदाला काही बोलू नका. तिला धोंड्याच्या दिवशीच कळलं, आणि मीच तिला शपथ घातली होती.

झुंबरबाई


असोदा
३१ जुलै १९९९

सौ. द्रौपदाबाईंना असोद्याहून रुपचंदचा रामराम.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही. लिहायची वेळ आली म्हणून लिहितो. व्याही म्हणून आधारभाऊंना लिहिलं असतं, पण ते तुम्हालाच विचारणार, म्हणून सरळ तुम्हालाच.

महिना झाला, झुंबरच्या पत्राला तुमचं उत्तर नाही. ती रोज पोस्टमनची वाट बघते आणि रोज कामालाही जाते. सोमवारी लढाई संपली. पारावर फटाके फुटले, पेढे वाटले, मीही वाटले. घरी येऊन म्हटलं, आता लढाई सरली, फौजेचा कांदा सरला, घरी बैस. तर म्हणते, कारखान्यानं चाळीसपैकी पंधरा बायका कायम ठेवायच्या ठरवल्यात, आता लसूण आणि भाज्या वाळवणार, आणि तिचं नाव तिसरं आहे. सोमवारी ९ ऑगस्टला सकाळी हजर व्हायचं, नाही गेली तर नाव कापून सोळावीला घेणार.

लढाई होती तोवर मी गावाला सांगत होतो, देशासाठी जाते. आता काय सांगू? लसणासाठी जाते? लोक विचारतात, रुपचंद, तुझ्या घरी खायला नाही का? केळी आहे, कापूस आहे, दोन बैलजोड्या आहेत. मला लाज वाटते.

मी नाही म्हटलं तर ती दोन दिवस बोलत नाही आणि भाकरी कडक करते. म्हणून मी म्हटलं, तुझ्या विहिणीला विचारू. लेक त्यांच्या घरात दिली आहे, त्यांचा शब्द शेवटचा. ती पण तयार झाली, पण तेव्हापासून जेवत नाही नीट.

तरी आपण स्पष्ट लिहून कळवावं. तुमच्या घराण्याला हे शोभत नाही, असं दोन ओळींत लिहिलंत तरी माझं काम होईल. ९ तारखेच्या आत पत्र यावं.

आपला,
रुपचंद


धुळे
४ ऑगस्ट १९९९

श्री. रुपचंदभाऊंना द्रौपदाबाईचा नमस्कार.

तुम्ही माझा शब्द शेवटचा मानलात, बरं वाटलं. लिहून दिलंत हे त्याहून बरं. तुमचं पत्र मी जपून ठेवलं आहे, म्हणजे नंतर कानाची पाळी ओढून "मी असं म्हटलंच नव्हतं" म्हणता येणार नाही.

मुलाकडच्यांचा मान काय असतो तो तुम्हाला सांगायला नको. लग्नात आम्ही काही मागितलं नाही. धोंड्याचे अनारसे गेले ते गेले, त्याबद्दलही मी काही मागितलं नाही. तेव्हा आमचा मान बाकी आहे. तो आता मागते.

सोमवारी ९ तारखेला विहीणबाई कामाला जातील. सकाळच्या गाडीला त्यांना तुम्ही स्वतः स्टँडवर सोडायचं. डबा तुमच्या हातात. पारावरून जायचं, मागच्या बोळातून नाही. कुणी विचारलं तर सांगायचं, धुळ्याच्या विहिणीचा हुकूम आहे, मुलीचा संसार आहे, मोडता येत नाही. सगळं माझ्यावर ढकला, माझी पाठ रुंद आहे.

लोक विचारतात घरी खायला नाही का, तर त्यांना उलट विचारा, तुमच्या घरी आहे ना खायला, मग दिवसभर पारावर दुसऱ्याची चूल का मोजता?

मुलाकडच्यांचा शब्द खाली पडू देऊ नये.

द्रौपदाबाई

ता. क. भाकरी कडक होत असेल तर दुधात बुडवून खावी.


धुळे
४ ऑगस्ट १९९९

झुंबरबाई,

रुपचंदभाऊंना वेगळं पत्र टाकलंय, ते तुम्हाला वाचून दाखवतीलच. न दाखवलं तर मागून घ्या. हे पत्र मात्र तुमचं एकटीचं. वाचून चुलीत घाला.

महिनाभर उत्तर दिलं नाही. रागानं नाही. चारदा लिहायला बसले, चारदा कागद फाडला. कुंदानं विचारलं, आत्याबाई, काय लिहिता? मी म्हटलं, हिशेब. कुंदाला मी एक शब्द बोललेले नाही. परवा तिनंच सांगितलं, आई चांगली दिसते हल्ली. मी म्हटलं, दिसली मला.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते सांगते. आमच्यात कारखान्यात जाणाऱ्या बायका नाहीत, असं मी बैठकीत म्हणाले ना? आहे एक. मीच.

एकाहत्तर साल. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती, निंबा अजून व्हायचा होता. दिवाळीच्या सुमारास इथल्या एका गिरणीत फौजेच्या कापडाचं काम आलं आणि रिळं भरायला बायका कमी पडल्या. बदली कामगार म्हणून घेत होते. आम्ही दोघी जावा गेलो. सासऱ्यांना सांगितलं, सरकारचं काम आहे, नाही म्हटलं तर चौकशी होईल. सासरे सरकारला घाबरायचे, म्हणून गेलो. मला तिथं काय वाटायचं ते लिहीत नाही, कारण तुमच्या पत्रात ते सगळं लिहिलेलं आहे. "हजर" म्हणायची मीसुद्धा. सगळ्यांत मोठ्यानं.

डिसेंबरात खरी लढाई लागली. दिव्यांना काळे कागद लावले. आणि तेरा दिवसांत आपण जिंकलो! सगळ्या धुळ्यात पेढे. सासऱ्यांनी तर शेजाऱ्यांच्या बैलाच्या तोंडातही पेढा घातला. आणि मी मोरीत जाऊन, नळ सोडून रडले. मनात आलं, आणखी महिनाभर चालली असती तर काय बिघडलं असतं? बघा विचार. पोरं मरत होती तिकडे, आणि मला लढाई संपल्याचं वाईट वाटत होतं. असलं पाप कुणाला सांगायचं? दुसऱ्या आठवड्यात सासरे म्हणाले, जिंकलो ना, आता बस झालं. त्यानंतर घरात कुणी तो विषय काढला नाही. मीही नाही. उलट कुठे कुणाची सून कामाला निघाली की सगळ्यांत आधी नावं मीच ठेवायची. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

तुमच्या गेटवर मी भांडायलाच आले होते. काय बोलायचं ते गाडीत पाठ केलं होतं, एरंडोल येईपर्यंत तर मला माझाच दरारा वाटायला लागला होता. मग तुम्ही दिसलात, डोक्याला फडकं, हात कोपरापर्यंत ओले. आणि भोंगा झाला. तुम्ही सगळ्या आत पळालात. झुंबरबाई, माझेही पाय पळाले. शपथेवर सांगते, दोन पावलं मी गेटच्या आत होते. वॉचमननं हात आडवा केला आणि म्हणाला, "बाई, तुमचा नंबर?"

मला नंबर नव्हता. म्हणून परत फिरले. पाणी घेतलं असतं तर तिथंच रडले असते, आणि माझ्याजवळ सांगायला कांदासुद्धा नव्हता.

तुम्हाला लढाई संपल्याचं वाईट वाटलं असेल तर लाजू नका. तुम्हाला लढाई नको होती, काम हवं होतं. हे कळायला मला अठ्ठावीस वर्षं लागली, तुम्ही तेवढी लावू नका.

सोमवारी उशीर करू नका.

द्रौपदा


जळगाव
९ ऑगस्ट १९९९

द्रौपदाबाई,

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. कार्डावर जागा थोडी.

ह्यांनी आणून सोडलं. डबा ह्यांच्या हातात, पारावरून. एकानं विचारलंच, तर हे म्हणाले, "धुळ्याचा हुकूम आहे." गाडी हलल्यावरही उभे होते.

तुमचं पत्र चुलीत घातलं नाही. तेवढं ऐकणार नाही.

मुकादमाला विचारलं. कांद्याचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो, तेव्हा चार महिने जास्तीच्या बायका लागतात. तुमचं वय विचारलं, मी पंचेचाळीस सांगितलं, सांभाळून घ्या. राहायचं आमच्याकडे, आणि विहिणीकडे राहणं शोभत नसेल तर सुगंधाबाई तयार आहे. आधारभाऊंना सांगा, सरकारचं काम आहे.

नाव मी माझ्या हातानं वहीत लिहून आले. तुमचा नंबर सत्तेचाळीस.

झुंबर